वॉशर संपले

आडनाव निखारे, धंदा गारव्याचा.
मार्च लागला की तांडापेठेपासून वर्धमाननगरपर्यंत
माझी सायकल, मागे वाळ्याच्या ताट्या,
हँडलला पंपांची पिशवी,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
लोक हसतात कांद्याला. हसू द्या.
मी अजून एकदाही पडलो नाही.

भाची रागिणी सातवीत. रात्री गच्चीवर
आम्ही सगळे आडवे, तीच एक बसलेली,
लायब्ररीचं पुस्तक परत करायचं म्हणून
मोठ्यानं वाचते.
"मामा, उंट श्वास सोडतो ना,
तो नाकातच थंड होतो,
ओल आतल्या आत राहते."
म्हटलं, म्हणजे आपल्या कूलरच्या उलटं.
कूलर ओल देऊन टाकतो,
तेव्हा कुठे हवा निवते.
ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "हो बाप्पा!"

असंच रोज काहीतरी.
एक उंदीर आहे म्हणे, जन्मभर पाणी पीत नाही,
कोरड्या बियांवरच भागवतो.
एक कोल्हा, त्याची गरमी कानांवाटे जाते.
एक किडा धुक्यात डोकं खाली करून उभा,
पाठीवरचा थेंब ओघळत तोंडात येईस्तोवर.
"आपल्या नळावानी," आई अंधारातून म्हणाली.

आणि बर्फाचंही वाळवंट असतं,
हे मला माहीत नव्हतं.
तिथला पेंग्विन बाप अंडं पायांवर घेऊन
दोन महिने उभा. उपाशी.
खाली ठेवलं की गेलं.
हजार बाप एकमेकांना चिकटून,
कडेचा हळूच आत, आतला हळूच कडेला.
त्या रात्री झोप आली नाही.
शेचाळीस डिग्रीच्या गावात, अंगावर ओला पंचा,
मी त्या बापांच्या थंडीनं कुडकुडलो.

नवतप्याचा चौथा दिवस.
कोचरबाईंचा फोन, कूलर गळतो, भिंतीला ओल आली.
दुपारी दोन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही,
ते नालीत, पोटापर्यंत.
चार माळे चढून गच्चीवर आलो.
शेवटची लोखंडी शिडी हातात धरवत नव्हती,
दुपट्ट्याचं टोक गुंडाळून धरली.

टाकीपलीकडे, उन्हात, गिट्टीवर
टिटवी उभी होती. बसली नव्हती, उभी.
पंख सैल, चोच उघडी,
पायांमधे चार अंडी, गिट्टीच्याच रंगाची.
ऊब देत नव्हती ती.
ऊब आभाळ देत होतं, नको तेवढी.
ती सावली देत होती.

मी हललो नाही.
जरा वेळानं दुसरी आली, तिच्या जागी उभी राहिली.
नर कोण, मादी कोण, मला ओळखता येत नाही.
पहिली तुरुतुरु कूलरखालच्या डबक्यात गेली,
पोट टेकलं, उठली, परत टेकलं,
आणि तशीच थेंब सांडत येऊन
अंड्यांवर बसली.

डबकं म्हणजे तीच ती गळती.
फ्लोटच्या बुडाशी वॉशर चिरलेला.
खिशात आठ वॉशर होते.

खाली उतरलो. बाई म्हणाल्या, "झालं?"
म्हटलं, वॉशर संपले. इतवारीतही माल नाही.
आठ-दहा दिवस लागतील.
"एवढ्याशा वॉशरला?"
"सीझन आहे, बाई."
त्यांनी गूळ दिला, पाण्याचा तांब्या दिला.
चांगल्या आहेत कोचरबाई.
भिंतीला रंगही दिवाळीतच दिलेला.
मी मान खाली घालून पाणी प्यालो.

टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस मोठा,
असं आमचे म्हातारे म्हणत.
खरं-खोटं माहीत नाही.
चार माळे म्हणजे भरपूर उंच.

रात्री रागिणीला सांगितलं.
तिनं पुस्तक चाळलं, पुढून, मागून,
बॅटरी धरून अनुक्रमणिकाही पाहिली.
"टिटवी नाही यात."
म्हटलं, मग तू लिही.
"लायब्ररीचं आहे, मामा."

कांदा काढून उशाशी ठेवला.
बाजूला वॉशर. आठ.